होजिचाचा मिल्कशेक पाणचट होत होता, तेव्हा

क्योतोमध्ये १९२०च्या दशकात रूढ झालेला होजिचा, म्हणजे भाजलेला हिरवा चहा, मला त्याच्या खमंग वासासाठी फार प्रिय आहे. पण मिल्कशेकमध्ये तो वास दुधात पार हरवत असे. मी नेहमीसारखाच पातळ चहा करून वर बर्फ घालत होतो, तिथेच चुकत होते.

आता दोन मोठे चमचे पाने कोऱ्या तव्यावर वास सुटेपर्यंत क्षणभर परततो, १०० मिली उकळत्या पाण्यात तीन मिनिटे झाकून ठेवतो (भाजल्यामुळे कडवटपणा उतरलेला असल्याने हा चहा उकळते पाणी सहज सोसतो) आणि गाळलेला अर्क बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो. तेच खडे १५० मिली गार दूध व दोन गोळे व्हॅनिला आइस्क्रीमसह मिक्सरमधून फिरवले की फिकट बदामी, दाट शेक होतो आणि पहिल्याच घोटाला भाजल्याचा वास येतो.