तूर फुलोऱ्यात: पाने कातरणाऱ्या माशीसाठी काय करावे

तूर कळीवर आली की बांधावरच्या झाडांच्या, कधी खुद्द तुरीच्याच पानांच्या कडा नखाएवढ्या गोल कातरलेल्या दिसतात. हा रोग नाही आणि अळीही नाही. त्यावर फवारणी करू नका. हे काम मेगाकाईल या मधमाशीच्या जातकुळीतल्या माशीचे. ती एकटी राहते. पोकळ काडीत पानांचे अस्तर लावते, त्यात पराग-मकरंदाचा गोळा ठेवून वर एकच अंडे घालते आणि गोल तुकड्यांनी घर बंद करते.

परागासाठी तिची ओढ तूर, तागासारख्या शेंगवर्गीय फुलांकडे असते. फुलावर टेकून ती खालच्या जोडपाकळ्या दाबते, तसे आतले पुंकेसर आणि कुक्षी (पराग झेलणारे स्त्रीकेसराचे टोक) तिच्या पोटाला घासतात. पराग ती पायांवर नव्हे, पोटाखालच्या केसांत कोरडाच नेते, त्यामुळे पुढच्या फुलावर तो सहज सांडतो. पोट पिवळेधमक दिसले तर माशी पराग गोळा करते आहे असे समजा.

तुरीत बरेचसे परागीभवन कळीतच उरकते, माशीने त्यात भर पडते इतकेच. तागाचे तसे नाही. माशीने कुक्षी घासल्याशिवाय त्यात दाणा नीट भरत नाही. बियाण्यासाठी तूर पिकवणाऱ्यांनी मात्र सावध राहावे: हीच माशी शेजारच्या वाणाचा परागही आणते, म्हणून विलगीकरण अंतर, म्हणजे दोन वाणांत राखायचे अंतर, काटेकोर पाळा.

शेंगा पोखरणाऱ्या घाटे अळीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग 2-3 दिवस दर सापळ्यात रोज 8-10 पतंग आले तरच फवारणीचा विचार करा, आणि तीही सूर्यास्ताच्या सुमारास, माश्या फुलांवरून गेल्यावर. भर उन्हातली फवारणी सर्वात घातक. पोळ्यातल्या एका कामकरीची जागा दुसरी घेते. इथे मादी मेली की तिचे घरटे अर्धवटच राहते.

घरट्यासाठी 6 ते 10 मिमी आतल्या व्यासाच्या, 15 सेंमी लांब बोरूच्या किंवा बांबूच्या नळ्या घ्या. एक टोक पेराने बंदच हवे. दोन्ही टोके उघडी असलेल्या नळ्या बहुधा रिकाम्या राहतात. आत कूस राहू देऊ नका, पंख फाटतात. 20-30 नळ्यांची जुडी छपराखाली, जमिनीपासून मीटरभर उंच, तोंड पूर्वेला करून घट्ट बांधा. वाऱ्याने हलणारी जुडी माशी सोडून देते. खांबाला ग्रीसचा पट्टा लावा, नाहीतर मुंग्या परागासकट अंडी नेतात. तोंडे पानांनी बुजलेल्या नळ्या पुढची पिढी बाहेर पडेपर्यंत हलवू नका.