रोड बाईक की ट्राय बाईक? आधी चाळीस मिनिटं आडवे राहून दाखवा

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ची (पोहणं, सायकल आणि धावणं असलेल्या अर्ध्या अंतराच्या ट्रायथलॉनची) फी भरली की लोक माझ्याकडे फिटिंगला, म्हणजे सायकल अंगाच्या मापाला बसवून घ्यायला येतात आणि सायकल स्टँडवर चढायच्या आत विचारतात, "ट्राय बाईक घेऊनच टाकू का?" मी उलट विचारतो, रोजचा सराव कुठल्या रस्त्यावर? "कात्रज, नाहीतर सिंहगडाचा पायथा" असं उत्तर आलं की निम्मा निकाल तिथेच रोड बाईकच्या बाजूने लागतो.

रोड बाईक म्हणजे वाकड्या हँडलची नेहमीची रेसिंग सायकल, ट्राय बाईक खास ट्रायथलॉनसाठी बनवलेली. दोन्हींत मुख्य फरक बैठकीचा. रोड बाईकची सीट ट्यूब (सीटखालची नळी) जमिनीशी ७३ अंशांच्या आसपास, ट्राय बाईकची ७६ ते ७८, कधी त्याहून उभी. सीट पुढे आल्यामुळे कोपरं टेकून आडवं झालं तरी मांडी पोटात घुसत नाही. ताशी तिशीच्या पुढे तुमची बहुतेक ताकद वाऱ्याशी झगडण्यात जाते, आणि वारा अडवण्यात सायकलीपेक्षा अंगाचाच वाटा मोठा. आयर्नमॅनमध्ये ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायला बंदी. पुढच्याच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर ठेवायचं. म्हणजे ९० किंवा १८० किलोमीटर वारा एकट्यानेच खायचा. अशा रेसमध्ये ट्राय बाईक पैसे वसूल करते. ऑलिंपिक खेळांतल्या ट्रायथलॉनमध्ये ड्राफ्टिंग चालतं, तिथे रोड बाईकच असते.

वसुली होते ती आडवे राहिलात तरच. म्हणून आधी आहे त्या रोड बाईकवर क्लिप-ऑन एरोबार (हँडलला वरून बसवायचे, कोपरं टेकायचे दांडे) लावा, सीट दोनेक सेंटीमीटर पुढे सरकवा, किंचित वर घ्या. सायकल ट्रेनरवर (घरात जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) लावून बसा, समोर भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक कागद चिकटवा आणि रेसच्या जोराने चाळीस मिनिटं न उठता चालवा. बाजूने मोबाईलवर शूटिंग लावून ठेवा. कागदावरून नजर खाली यायला लागली की मान दमली. सारखे मागे सरकत असाल तर बहुधा सीटचं नाक टोचतंय. अशा वेळी आखूड किंवा मधे खाच असलेली सीट बघा. सायकल बदलायचं नंतर. माझ्याकडचे बरेच जण पंधराव्या मिनिटाला उठून बसतात! त्यांना मी स्पष्ट सांगतो, लाखभर रुपये जास्तीचे घालू नका, ते पैसे नीट फिटिंगला आणि चांगल्या टायरला ठेवा.

ब्रेकचंही बघा. ट्राय बाईकवर गिअर एरोबारच्या टोकाला, ब्रेक बाजूच्या बेसबारवर, म्हणजे बाहेरच्या मुख्य हँडलवर. सातारा रोडवर समोर रिक्षा आडवी आली की हात तिकडे नेईपर्यंत उशीर झालेला असतो. ग्रुप राईडमध्ये एरोबार धरणाऱ्याच्या मागे कुणी राहत नाही, आणि बरोबरच आहे ते.

रेस कुठली, हेही आलंच. कझाकस्तानमधल्या अस्तानाची रेस सपाट आहे, तिथे ट्राय बाईक बिनधास्त. फ्रान्समधल्या नीसला पूर्ण आयर्नमॅनमध्ये २,४०० मीटरच्या आसपास चढ आहे आणि मग वळणांचा उतार; तिथे हलकी रोड बाईक, क्लिप-ऑन आणि मागच्या सगळ्यात मोठ्या गिअरचक्रीला ३२ दात. शिवाय ६०० ची बीआरएमही (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची ६०० किलोमीटरची राईड) करायची असेल तर प्रश्नच मिटला, रोड बाईक घ्या.

ट्राय बाईकच घ्यायची ठरली तर विमानाच्या बॉक्ससाठी हँडल कसं सुटं होतं, ते दुकानदाराला तिथल्या तिथे करून दाखवायला सांगा. ब्रेकची नळी बारच्या आतून गेलेली असेल, तर रेसच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या खोलीत ते जोडणं तुमच्या हातचं काम नाही.