हेब्रिडीज बेटांवर मुक्काम कुठे करावा: आधी फेरी, मग घर

जुन्या गोव्याहून दिवाडीला जाताना फेरीबोटीचे वेळापत्रक कोणी बघत नाही. एक चुकली तर थोड्या वेळात दुसरी येते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर मुक्काम ठरवताना हीच सवय महागात पडते. तिथली मोठी फेरी दिवसातून एकदा-दोनदाच सुटते आणि उघडा समुद्र ओलांडून जाते. हंगामात गाडीची जागा आधी आरक्षित केलेली नसेल, तर गाडी धक्क्यावरच राहते. म्हणून आधी फेरीचा मार्ग ठरवा, मग बेट, मग गाव आणि सगळ्यात शेवटी घर. बहुतेक जण उलटे करतात. फोटोतले घर आवडते, पैसे भरले जातात आणि मग कळते की त्या दिवशीच्या फेरीत गाडीला जागाच नाही.

बेटांची माळ उत्तरेकडून दक्षिणेकडे अशी आहे: लुइस, हॅरिस, बर्नरे, नॉर्थ युइस्ट, बेनबेक्युला, साउथ युइस्ट, एरिस्के आणि बारा. लुइस आणि हॅरिस ही नावे दोन असली तरी जमीन एकच आहे, मध्ये डोंगर आहेत. बर्नरेपासून एरिस्केपर्यंतची बेटे समुद्रात भराव घालून केलेल्या रस्त्यांनी जोडलेली आहेत. बर्नरेचा भराव १९९९ मध्ये झाला, एरिस्केचा २००१ मध्ये. म्हणजे मुक्कामाच्या हिशेबाने बेटे तीनच धरायची: वरचे लुइस-हॅरिस, मधली युइस्टची रांग आणि खालचे बारा. या तिघांमध्ये मात्र पुन्हा फेरीच लागते.

मुख्य भूमीच्या बाजूने येणाऱ्या कॅलमॅक कंपनीच्या फेऱ्या लक्षात ठेवा. उलापूलहून लुइसच्या स्टॉर्नोवेला सुमारे पावणेतीन तास लागतात. स्काय बेटावरच्या उईगहून हॅरिसच्या टार्बर्टला किंवा नॉर्थ युइस्टच्या लॉकमॅडीला पावणेदोन तास. ओबनहून बाराच्या कॅसलबेला पावणेपाच तासांच्या आसपास. बेटांच्या मधल्या दोन फेऱ्या छोट्या आहेत. हॅरिसच्या लेव्हरबर्गहून बर्नरेला तासभर आणि एरिस्केहून बाराला ४० मिनिटे. यातली लेव्हरबर्गची फेरी खडकांमधून वळणे घेत जाते, त्यामुळे ती दिवसाउजेडीच चालते. हिवाळ्यात दिवस लहान झाले की तिच्या खेपाही कमी होतात.

यावरून मुक्कामाची ठिकाणे किती करायची ते ठरते. चार रात्री असतील तर एकच घर घ्या आणि एकाच जमिनीवर राहा. सात-आठ रात्री असतील तर दोन घरे: एक लुइस-हॅरिसमध्ये, दुसरे युइस्टमध्ये किंवा बाराला. उलापूलहून यायचे आणि ओबनला उतरायचे, म्हणजे त्याच वाटेने परतावे लागत नाही. तिसरे घर दहा रात्रींच्या आत घेऊ नये. प्रत्येक बदलाला जवळजवळ एक दिवस जातो: सकाळी घर रिकामे करायचे, फेरीच्या रांगेत वेळेआधी लागायचे आणि पलीकडच्या घरात बहुतेक ठिकाणी दुपारनंतरच प्रवेश मिळतो.

नकाशावरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. स्टॉर्नोवे ते टार्बर्ट सुमारे ६० किलोमीटर आहे आणि त्याला एक तास पुरतो, कारण तो रस्ता चांगला आहे. पण अनेक गावांत पोचणारा रस्ता एकपदरी असतो. समोरून गाडी आली की ठरावीक अंतरावर ठेवलेल्या रुंद जागेत थांबून तिला वाट द्यायची. ती जागा आपल्या उजव्या हाताला असेल तर पलीकडे जायचे नाही, तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबायचे. गाडी डावीकडूनच चालते आणि पाहुणा म्हणून आपला भारतीय परवाना १२ महिने चालतो, त्यामुळे गोवेकराला याची सवय लवकर होते. गाडी नसेल तर मुक्काम स्टॉर्नोवेलाच करा. बस तिथून सुटतात, पण रविवारी बस नसते.

रविवारचा विचार इथे अगदी सुरुवातीला करावा लागतो. लुइस, हॅरिस आणि नॉर्थ युइस्टमध्ये प्रॉटेस्टंट परंपरा कडक आहे. रविवार देवाचा, म्हणून बहुतेक दुकाने, पेट्रोल पंप आणि खानावळी बंद. स्टॉर्नोवेहून रविवारची फेरी २००९ मध्ये सुरू झाली, तीही बऱ्याच विरोधानंतर. साउथ युइस्ट आणि बारा कॅथलिक आहेत आणि तिथला रविवार मोकळा असतो. रस्त्याच्या कडेला मारियेच्या मूर्ती दिसतात, आपल्याकडच्या वाटेवरच्या खुरसांची आठवण यावी अशा. मिस चुकवायची नसेल तर कॅसलबेला घर घ्या. तिथले अवर लेडी स्टार ऑफ द सी हे १८८८ चे चर्च गावाच्या वरच्या अंगाला आहे. उत्तरेत राहणार असाल तर शनिवारी दुपारपर्यंत दूध, पाव, भाजी आणि पेट्रोल भरून ठेवा. आणि शनिवारी रात्री उशिरा पोचायचे असेल तर त्या रात्रीचे आणि रविवारचे खाणे बरोबर घेऊनच फेरीत चढा.

आठवडी घरे बहुधा शनिवार ते शनिवार दिली जातात. म्हणूनच शनिवारच्या फेऱ्या सर्वांत आधी भरतात. बुधवारी किंवा शुक्रवारी पाहुणे बदलणारे घर सापडले तर थोडे साधे असले तरी तेच घ्या.

आता प्रत्यक्ष घराकडे. हॅरिसचेच उदाहरण घेऊ. पश्चिम किनाऱ्यावर लस्केंटायरसारख्या लांबच लांब पांढऱ्या पुळणी आहेत आणि त्यांच्यामागे फुलांची सपाट गवताळ जमीन, जिला तिथे माखर म्हणतात. जून-जुलैत ती रंगाने भरून जाते. पूर्व बाजू खडकाळ आहे. तिथे छोटी तळी, अरुंद खाड्या आणि वळणाचा रस्ता. फोटो पाहून सगळे पश्चिमेकडे धावतात, पण वारा तिथेच जास्त लागतो. पूर्वेच्या आडोशाच्या घरात वारा कमी, मात्र संध्याकाळी हवा पडली की मिज नावाचे बारीक चावरे कीटक येतात. आपल्याकडच्या चिलटांहून लहान, पण झुंडीने येणारे. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत त्यांचा जोर असतो आणि वारा असला की ते उडत नाहीत. लहान मुले असतील तर आमचे मत उघड्या, वाऱ्याच्या बाजूला. वाऱ्यात जाकीट घालून बाहेर बसता येते, मिजमध्ये बसताच येत नाही.

मे महिन्याची सुट्टी या बेटांसाठी उत्तम. पाऊस त्या मानाने कमी, दिवस मोठा आणि मिज नुकते सुरू होत असतात. जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि नंतरही पूर्ण काळोख होत नाही. झोपायच्या खोलीला जाड, काळोख करणारे पडदे आहेत का, हे म्हणूनच विचारावे लागते.

स्वयंपाकघराचा फोटो मोठा करून नीट बघा. काळी गुळगुळीत काच दिसली तर शेगडी साधी विजेची आहे की इंडक्शन, हे मालकाला विचारा. इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणारच नाही. तळाला चुंबक चिकटतो का ते घरीच पाहा आणि चिकटणारा स्टीलचा छोटा कुकर न्या. स्वतः रांधून खायचे घर घेण्याचा आमचा आग्रह आहे. कारण तिथल्या खानावळी थोड्या, टेबल आधी सांगावे लागते आणि रात्री आठ-साडेआठनंतर स्वयंपाकघर बंद होते. रात्री दहाला शॅकवर जाऊन माशाचे ताट मागण्याची सोय तिथे नाही. को-ऑप दुकानांत बासमती मिळतो, उकडा तांदूळ मिळेल असे धरू नका. तो, डाळ आणि सोले बरोबर असू द्या. इंग्लंडमधल्या स्विंडनला नातेवाईक असतील तर तिथूनच घ्या. तूप आणि पेढे मात्र गोव्याहून नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे.

न्याहारीसह खोली घेणार असाल तर काय खात नाही ते आरक्षण करतानाच लिहा. स्टॉर्नोवेचे प्रसिद्ध ब्लॅक पुडिंग ताटात असू शकते. ते जनावराचे रक्त, ओट आणि गोवंशाच्या चरबीचे असते.

जुन्या धाटणीचे घर हवे असेल तर लुइसच्या पश्चिम किनाऱ्यावरचे गेरॅनन गाव पाहा. दुहेरी दगडी भिंती, मध्ये भरलेली माती, वर गवताचे छप्पर आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून दोरांना टांगलेले दगड. इथले शेवटचे रहिवासी १९७४ मध्ये बाहेर पडले. आता तीच घरे दुरुस्त करून भाड्याने देतात. भिंती जाड आणि खिडक्या लहान, त्यामुळे आत उजेड कमी. पावसाचा आख्खा दिवस आत काढायचा झाला तर हे जाणवते.

पैसे भरण्याआधी मालकाला आणखी थोडे विचारा. घराचा परवाना क्रमांक काय? स्कॉटलंडमध्ये अशी घरे भाड्याने द्यायला परवाना लागतो आणि जाहिरातीत त्याचा क्रमांक द्यावा लागतो. तो नसेल तर पुढे जाऊ नका. घर गरम ठेवण्याचा खर्च भाड्यात आहे की वेगळा? मे महिन्यातही संध्याकाळी हीटर लागतो. घरात मोबाइलची रेंज येते का, आणि कोणत्या कंपनीची? जवळचे दुकान किती दूर? आणि मुख्य म्हणजे, फेरी रद्द झाली तर भाड्याचे काय? वाऱ्यामुळे फेरी रद्द झाल्यास तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या फेरीत जागा मिळते, पण न राहिलेल्या रात्रीचे भाडे ही तुमची आणि मालकाची गोष्ट. उत्तर लेखी घ्या. बाराला विमानाने जाणार असाल तरी हाच नियम. ते विमान भरती ओसरल्यावर समुद्राच्या वाळूवर उतरते, म्हणून त्याची वेळ रोज बदलते.

परतीच्या दोन रात्री वेगळ्या मोजा. बेटावरची शेवटची रात्र फेरीच्या धक्क्यापासून अर्ध्या तासाच्या आत असावी. सकाळची फेरी लवकर सुटते, गाडीला त्याआधी रांगेत लागावे लागते आणि पहाटेच्या एकपदरी रस्त्यावर मेंढ्या अंग टाकून बसलेल्या असतात, त्या लवकर उठत नाहीत. दुसरी रात्र मुख्य भूमीवर, इनव्हर्नेस किंवा ग्लासगोला काढा. घरी परतायचे विमान त्याच्या दुसऱ्या दिवसाचे घ्या, म्हणजे एक फेरी रद्द झाली तरी विमान चुकत नाही.