आजोबांची शिकारीची रायफल दुरुस्त करताय? या चुका टाळा

गावच्या वाड्याच्या वाटण्या होतात, माळ्यावरच्या ट्रंकेत एक जुनी रायफल निघते आणि ती गाडीच्या डिकीत टाकून मुंबईला आणली जाते. पहिली चूक इथेच झाली. परवाना माणसाच्या नावावर असतो. आजोबा गेले तेव्हाच तो संपला. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे अशी बंदूक उशीर न लावता जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती जपायची आणि मग वारस म्हणून स्वतःच्या नावावर परवाना मागायचा. मुंबईत तो पोलिस आयुक्तांकडून मिळतो. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. काका-आत्यांच्या सह्यांना किती दिवस लागतात, ते ज्याच्या त्याच्या घरावर.

‘मोडकी तर आहे, परवाना कशाला?’

कलम ४५ मध्ये जुन्या घाटाच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे खरी, पण पुढची अट कुणी वाचत नाही: दुरुस्त करून किंवा न करता, ते बंदूक म्हणून वापरायचा इरादा नसला पाहिजे. म्हणजे ‘चालती करून घेऊ’ म्हटलंत की सूट गेली. दुरुस्तीच्या धंद्यालाही कलम ५ खाली परवाना लागतो, त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याकडे स्प्रिंग किंवा फायरिंग पिन करायला टाकू नका. तुमच्याबरोबर तोही अडकेल.

रिकामी आहे असं धरून चालणं

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. गज नळीत शेवटपर्यंत हलकेच सोडा, तोंडाशी खूण करा आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहा. टोक कानाच्या भोकापर्यंत (बार जिथून पेटतो तिथवर) पोचत नसेल, तर आत काहीतरी आहे. पुढे हात लावू नका, कारागिराला कळवा. ट्रंकेतली हिरवी पडलेली काडतुसं घासत बसू नका. तीही बंदुकीबरोबर जमा करा.

गंज दिसला की पॉलिशपेपर

सगळ्यात जास्त नुकसान याने होतं, आणि ते भरून येत नाही. पॉलिशपेपरने गंजाबरोबर नळीवरचा निळा-काळा मुलामा, कोरीव नक्षी आणि निर्मात्याचं नावही जातं. पातळ तेल लावून रात्रभर ठेवा, मग कांस्याच्या तारेच्या लोकरीने हलक्या हाताने पुसा. खड्डे राहिले तर राहू द्या. दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक असेल तर ‘नवा मुलामा चढवून देतो’ म्हणणाऱ्याला आधी पद्धत विचारा. गरम कॉस्टिकच्या टाकीत दोन नळ्यांमधली पट्टी धरून ठेवणारं शिशा-कथलाचं सोल्डर खाल्लं जातं आणि पट्टी सुटते. दुनळीला सावकाश गंज चढवून करायची जुनी पद्धतच चालते.

नळीच्या आतला गंज वेगळा. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं. ते मिठासारखंच, हवेतलं पाणी ओढणारं. ते तेलात विरघळत नाही, म्हणून वरून कितीही तेल लावा, खालून गंज चालूच. आधी गरम पाण्याने नळी धुवायची, पूर्ण कोरडी करायची, मग तेल. खोबरेल नको, ते थंडीत थिजून चापाच्या कळीत बसतं.

स्क्रूंबाबत एकच: इंग्लिश बंदुकांच्या स्क्रूची खाच केसासारखी बारीक असते. घरचा निमुळता स्क्रूड्रायव्हर निसटतो आणि खाचेचे ओठ उलटतात. खाचेत अगदी घट्ट बसेल असं, समांतर पात्याचं टोक घासून घ्यावं लागतं.

आकडा वाचून काडतूस घालणं

नळीवर ‘.४५०’ लिहिलं म्हणजे उत्तर मिळालं असं नाही. सव्वातीन इंच लांब कवचाचं .४५० काडतूस आधी काळ्या बारुदीचं होतं आणि नंतर त्याच मापात कॉर्डाइटचं, म्हणजे जास्त जोराच्या बिनधुराच्या बारुदीचं आलं. नंतरचं पहिल्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या खोबणीत, आरामात बसतं. दाब मात्र कितीतरी जास्त. म्हणून लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळीची ताकद तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के पाहायचे. नळीच्या बुडाशी, खालच्या सपाटीवर. ‘कॉर्डाइट ७० – ४८०’ असं असेल तर ७० ग्रेन (वजनाचं जुनं माप) कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची गोळी ही त्या नळीत चालणाऱ्या काडतुसाची कमाल मर्यादा. नायट्रो (बिनधुराच्या बारुदीच्या चाचणीचा) शिक्का नसेल, किंवा नळीवर दमास्कसची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या नळीची) लाटालाटांची नक्षी असेल, तर आधुनिक काडतूस घालू नका. त्यापुढे चेंबरचा साचा घेणं, काडतुसामागची मोकळी जागा (हेडस्पेस) गेजने मोजणं, नळीला फुगवटा आहे का ते पाहणं हे परवानाधारक कारागिराचं काम. त्याने ‘भिंतीवर लावा’ म्हटलं तर वाद घालू नका.

चामड्याची पिशवी

जुन्या पिशवीत रायफल शोभून दिसते, पण जुलैच्या मुंबईत ते चामडं ओल धरतं आणि नळीवर पिशवीच्या शिवणीची रेघ गंजाने उमटते. पिशवी वेगळी ठेवा. परवाना हाती आल्यावर रायफल कुलपाच्या कपाटात, सिलिका जेलबरोबर, तोंड खाली करून उभी करा. तोंड वर असलं की तेल ओघळून दस्त्याच्या मानेत मुरतं. अक्रोडाचं लाकूड तिथे काळं, मऊ पडतं आणि पहिल्याच धक्क्याला चिरतं. दस्त्याला वॉर्निश नको. बोटावर दोन थेंब जवसाचं तेल घेऊन चोळा, दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसा आणि आठवड्याने पुन्हा.