हलणारी दाढ उपटण्याआधी

इंटर्नशिपच्या तिसऱ्या महिन्यात साठीच्या एक मावशी ओपीडीत आल्या. खालची डावी दाढ हलत होती, हिरडीतून रक्त येत होतं. पायोरिया (हिरड्यांचा आजार) समजून मी स्केलिंग केलं, म्हणजे दातांवरचं कीटण काढलं, आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या चुळा दिल्या. तीन आठवड्यांनी दाढ आणखी सैल झाली, म्हणून काढली. महिन्याने पाहिलं तर दाढेचा खड्डा लालसर दाणेदार मांसाने भरलेला आणि त्या बाजूचा खालचा ओठ बधिर. सरांनी जबड्याखाली बोटं फिरवली; कडक गाठ लागली. बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे हिरडीचा कॅन्सर निघाला.

ते महिने माझ्या हातून गेले, हे मी विसरलेले नाही. हिरडीखाली लगेच हाड असतं, त्यामुळे तिथला कॅन्सर लवकर हाडात उतरतो आणि दाढ काढली की त्याला आयती वाट मिळते.

ओपीडीत नव्याने बसणाऱ्यांनो, आधी बाकीचं तोंड बघा. पायोरिया सहसा कीटण असेल तिथे, बऱ्याच दातांभोवती असतो. मावशींचं तोंड स्वच्छ होतं, एकच दाढ हलत होती. तेव्हाच मला खटकायला हवं होतं. एक्स-रेमध्ये हाड उंदराने कुरतडल्यासारखं दिसलं, तर दाढेला हात लावू नका.

‘तंबाखू खाता का?’ असं मी विचारलं होतं. त्या ‘नाही’ म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. त्या रोज मशेरी लावायच्या. भाजलेल्या तंबाखूची ही पूड कित्येक बायका दंतमंजनच समजतात. म्हणून ‘दात कशाने घासता?’ हेच विचारा. व्यसन नसलेल्यांनाही हा कॅन्सर होतो, तेव्हा ‘नाही’ ऐकून निर्धास्त होऊ नका.

स्केलिंगनंतर दोन आठवड्यांनी बोलवाच. जखम तशीच असेल तर पुन्हा चुळा नकोत, बायोप्सी करा. तुकडा कडेचा, थोडी निरोगी हिरडी धरून घ्या. मधल्या सडलेल्या भागातून काही कळत नाही.

‘सुई लागली की गाठ पसरते’ ही भीती घरोघरी आहे. घाई न करता समजावून सांगा. आणि केसपेपरवर घरच्या दोघांचे फोन नंबर लिहून घ्या, कारण रिपोर्ट येतो त्या दिवशी पेशंट आलेला नसतो.