ब्रॉडबँडचा दर्जा आणि लेटन्सी: मोजणी कशी करावी, तक्रार कुठे न्यावी

‘नेट स्लो आहे’ एवढ्याच शब्दांत नोंदवलेली तक्रार बहुधा पहिल्याच फोनवर बंद होते. पलीकडचा कर्मचारी स्पीड टेस्ट करायला सांगतो, १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ९५ एमबीपीएस दिसतात, आणि व्हिडिओ कॉलवर आवाज तुटत असूनही कागदोपत्री कनेक्शन ठणठणीत ठरते. वेग आणि लेटन्सी या वेगळ्या गोष्टी असल्यामुळे हे घडते. आपल्या संगणकाने पाठवलेले पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पलीकडे पोहोचून त्याचे उत्तर परत येईपर्यंत जो वेळ जातो, तो मिलीसेकंदांत मोजला की लेटन्सी मिळते. हा वेळ सतत वरखाली होत असेल तर त्याला जिटर म्हणतात, आणि वाटेतच हरवलेल्या पॅकेटांचे शेकडा प्रमाण म्हणजे पॅकेट लॉस. ज्याला तक्रार निकालापर्यंत न्यायची आहे, त्याने हे आकडे हातात ठेवूनच फोन उचलावा.

आधी नियम काय सांगतात ते पाहू. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, १९९७ च्या कायद्याने स्थापन झाले आणि सेवेच्या दर्जाचे मापदंड तेच ठरवते. ब्रॉडबँडसाठीची पहिली नियमावली २००६ ची होती. कंपनीच्या केंद्रापासून देशाबाहेर जाणाऱ्या दारापर्यंत १२० मिलीसेकंद, परदेशातील जवळच्या टोकापर्यंत ३५० आणि उपग्रहामार्गे ८०० मिलीसेकंद अशा मर्यादा तिने घातल्या होत्या. पॅकेट लॉस एक टक्क्याच्या आत हवा होता. उपग्रहाला दिलेली सवलत उदार वाटते खरी, पण भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो आणि संदेश व उत्तर मिळून चार वेळा ते अंतर कापण्यातच अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो. पुढे २ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने २००६, २००९ आणि २०१२ च्या दर्जाविषयक तीन नियमावल्या एकत्र करून नवी नियमावली अधिसूचित केली, ती १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली, आणि तारेच्या ब्रॉडबँडसाठी लेटन्सीची मर्यादा ५० मिलीसेकंदांवर आली. पैसे भरल्यापासून ७ दिवसांत ९८ टक्के नवी कनेक्शने सुरू झाली पाहिजेत, हेही त्यात आहे. मोबाइल डेटाचे मापदंड वेगळे आहेत. येथे केवळ घरी तारेने येणाऱ्या कनेक्शनचा विचार केला आहे.

हे आकडे वाचून लगेच उत्साहात येण्याचे कारण नाही, कारण त्यांना दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की मापदंड कंपनीच्या जाळ्याच्या सरासरीला लागू होतो. शहरातल्या हजारो ग्राहकांची सरासरी ५० च्या आत असली, तर एखाद्या इमारतीत १५० मिलीसेकंद लागत असूनही कंपनीचा अहवाल स्वच्छ राहू शकतो. मापदंड मोडल्याबद्दल ट्राय लाखांत दंड करू शकते, परंतु तो सरकारजमा होतो, ग्राहकाच्या खिशात त्यातला रुपयाही येत नाही. दुसरी मर्यादा अंतराची. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलीसेकंद खर्ची पडतो. मुंबई ते लंडन हे सरळ रेषेतले अंतरच ७,२०० किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे ७२ मिलीसेकंदांच्या खाली तिथे कोणीही पोहोचवू शकत नाही, आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत. पुण्यात बसून लंडनच्या कार्यालयाशी काम करणाऱ्याला १३० मिलीसेकंद दिसत असतील तर त्यात कंपनीचा दोष शोधणे व्यर्थ आहे. तोच आकडा मुंबईतल्या सर्व्हरसाठी दिसत असेल, तर मात्र प्रश्न विचारलाच पाहिजे.

म्हणून मोजणी टप्प्याटप्प्याने करावी. सर्वप्रथम वाय-फाय बाजूला ठेवून लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा. वाय-फायवर घेतलेले आकडे कंपनी मान्य करत नाही आणि याबाबतीत तिचे म्हणणे रास्त आहे, कारण शेजारच्या दहा घरांची वाय-फाय आणि मधली भिंत ही तिची जबाबदारी नव्हे. घरातील इतर फोन, टीव्ही आणि कॅमेरे तेवढ्यापुरते बंद करावेत. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागलेला असेल तर मोजणी करण्याची गरजच नाही. प्रकाश डब्यापर्यंत पोहोचत नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि ती सरळ दुरुस्तीची तक्रार आहे.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग हा शब्द, मोकळी जागा, पत्ता, पुन्हा मोकळी जागा आणि शेवटी वजाचिन्हाला जोडून टी हे अक्षर असे इंग्रजीत लिहिले की थांबवेपर्यंत मोजणी चालू राहते. कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबली की ती थांबते आणि खाली सारांश येतो: किती पॅकेटे गेली, किती हरवली, किमान, कमाल आणि सरासरी वेळ किती. ही मोजणी दोन पत्त्यांवर करावी. पहिला पत्ता राउटरचा, जो बहुधा त्याच्या मागच्या लेबलवर छापलेला असतो. दुसरा पत्ता गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सेवेचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा), म्हणजे टिंबांनी जोडलेले चार आठ. ही सेवा शक्यतो जवळच्या केंद्रातून उत्तर देते, त्यामुळे परदेशी अंतराचा घोळ टळतो. प्रत्येक पत्त्यावर किमान पाच मिनिटे मोजणी चालू द्यावी. चार पॅकेटांवरून काढलेला निष्कर्ष कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

आता आकडे वाचायचे कसे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, सकाळी सातला राउटरपर्यंत १ मिलीसेकंद आणि डीएनएसपर्यंत ९ मिलीसेकंद लागतात, आणि पॅकेट लॉस शून्य आहे. रात्री साडेनऊला राउटरपर्यंत तोच १ मिलीसेकंद, पण डीएनएसपर्यंत सरासरी ८५, कमाल ३१० आणि पॅकेट लॉस ४ टक्के. घरातली बाजू दोन्ही वेळी सारखीच असल्यामुळे बिघाड घराबाहेर आहे, आणि तो रात्रीच उगवतो यावरून कंपनीच्या जाळ्याच्या एका फांदीवर क्षमतेपेक्षा जास्त ग्राहक जोडले असल्याचा दाट संशय येतो. ट्रायने २००९ मध्येच घरगुती ब्रॉडबँडसाठी एका ग्राहकाच्या क्षमतेत जास्तीत जास्त ५० वाटेकरी आणि व्यावसायिक कनेक्शनसाठी ३० वाटेकरी असावेत, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले होते. त्याचा उल्लेख तक्रारीत जरूर करावा. उलट राउटरपर्यंतचाच आकडा ४० किंवा ५० दिसत असेल, तर दोष आपल्या केबलचा किंवा राउटरचा आहे.

एक प्रकार मात्र फसवा असतो आणि तो फार घरांत आढळतो. एरवी लेटन्सी उत्तम असते, पण कोणी फोनमधले फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की दुसऱ्या खोलीतला कॉल लगेच अडखळू लागतो. अपलोडची पॅकेटे राउटरच्या रांगेत साचतात आणि कॉलची चिमुकली पॅकेटे एकादशीला पंढरपुरात अडकलेल्या वारकऱ्यासारखी त्या रांगेच्या शेपटाशी उभी राहतात. याची खात्री करून घेण्यासाठी पिंग चालू ठेवून मुद्दाम मोठी फाइल अपलोड करावी. आकडा १० वरून ३०० वर उडाला तर निदान झाले. दर्जाच्या नियमात हे बसत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये अपलोडला प्लॅनच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर मर्यादा घातली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो, आणि तक्रारीच्या हेलपाट्यांपेक्षा हा उपाय कितीतरी स्वस्त आहे.

वेगाबाबत तक्रार करण्याआधी डेटा-मर्यादा संपली आहे का, तेवढे पाहावे. ती संपल्यावरही तारेच्या ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही, आणि ५०, ९० व १०० टक्के डेटा वापरला गेल्यावर ग्राहकाला कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे, असे ट्रायचे २०१६ चे निर्देश आहेत. ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी लागणारा किमान वेग २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस होता, तो जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस आहे.

आकडे जमले की तक्रार, आणि इथेच सर्वाधिक लोक घसरतात. महाराष्ट्रातील गावांत आणि उपनगरांत फायबर बहुधा स्थानिक केबलवाल्यामार्फत येते. त्याला व्हॉट्सॲपवर ‘दादा, नेट गेलंय’ असे कळवले की माणूस येतोही, पण अशा तक्रारीला क्रमांक नसतो, आणि क्रमांक नसलेली तक्रार नियमाच्या लेखी झालेलीच नसते. परवाना ज्या कंपनीचा आहे, तिच्या तक्रार केंद्रातच नोंद करून डॉकेट क्रमांक घ्यावा. कंपनीचे नाव बिलावर असते. तिच्या तक्रार केंद्राचे आणि अपील प्राधिकरणाचे संपर्क ट्रायच्या तक्रार व्यवस्थापन पोर्टलवर सापडतात. केबलवाल्याशी संबंध बिघडवण्याची गरज नाही, त्याला सांगून करावे. वरून दाब आल्याशिवाय त्याच्याही हातात फारसे काही नसते.

तक्रारीचा मजकूर साधारण असा असावा: ‘माझे कनेक्शन १०० एमबीपीएसचे आहे. लॅन केबलने केलेल्या मोजणीत गेले सात दिवस रात्री ९ ते ११ या वेळेत सरासरी लेटन्सी ८० मिलीसेकंदांहून अधिक आणि पॅकेट लॉस ३ ते ५ टक्के आढळला. राउटरपर्यंतची लेटन्सी १ मिलीसेकंद आहे. सकाळी हीच लेटन्सी ९ मिलीसेकंद असते. मोजणीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. माझ्या भागातील गर्दीच्या वेळचा क्षमता-वापर तपासून लेखी कळवावे.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. ‘दुरुस्त करा’ म्हटले तर राउटर बदलून तक्रार बंद करता येते, पण लेखी उत्तर मागितल्यावर कोणाला तरी जाळ्याकडे पाहावे लागते.

उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. त्याला शुल्क नाही, ईमेल पुरतो, आणि निर्णय ३९ दिवसांत व्हायला हवा. निर्णय देणारी माणसे कंपनीचीच असतात, तरीही हा टप्पा गाळू नये; पुढच्या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न याचाच विचारला जातो. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, त्यामुळे तिथे अर्ज पाठवून वेळ दवडू नये. पुढची पायरी म्हणजे केंद्र सरकारचे सार्वजनिक तक्रार पोर्टल, ज्यातून प्रकरण दूरसंचार विभागाकडे जाते. त्याच्याबरोबरीने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करावी.

सेवा पूर्णच बंद पडली असेल तर बाजू अधिक भक्कम असते. तारेच्या कनेक्शनचा बिघाड तीन दिवसांपलीकडे गेला तर भाड्यात सवलत द्यावी लागते. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून, एखाद्या जिल्ह्यात मोठा खंड २४ तासांहून अधिक चालल्यास पोस्टपेड ग्राहकाला पुढच्या बिलात प्रमाणशीर सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वाढीव मुदत मिळते. त्या हिशेबात दिवसातून १२ तासांहून अधिक बंद असलेला दिवस पूर्ण धरला जातो. नैसर्गिक आपत्तीत हा नियम लागू होत नाही, तेव्हा पुरात कोल्हापूर-सांगलीकडे खांब वाहून गेले तर ही मागणी टिकणार नाही.

एवढे करूनही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकांच्या बाजूने मिटवला. कंपनीचे मुख्यालय दिल्लीत असले तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तिथे ५० मिलीसेकंदांच्या मापदंडावर विसंबून राहू नये. प्लॅन घेताना कंपनीने काय कबूल केले होते ते दाखवणारी जाहिरात किंवा प्लॅनचा कागद, बिले, डॉकेट क्रमांक, अपिलाचा निर्णय आणि तारीख-वेळेसह मोजणीची छायाचित्रे या क्रमाने जोडावीत, आणि भरपाईची रक्कम बिलांवरून मांडता येईल एवढीच मागावी.