मुलांना गुरू ग्रह दाखवताना या चुका टाळा

आकाशदर्शनाच्या रात्री मूल कितीतरी वेळ रांगेत उभं राहतं, दुर्बिणीला डोळा लावतं, बाजूला होतं आणि विचारतं, "एवढंसंच?" हा प्रश्न मी खूप वेळा ऐकलाय. त्यात चूक मुलाची नसते आणि गुरूची तर नसतेच. चूक त्याआधी, घरी किंवा वर्गात, आपण गुरूची ओळख करून देतो तेव्हाच झालेली असते.

आधी फोटो, मग आकाश

सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. जुनो यान २०१६पासून गुरूभोवती फिरतंय. त्याने टिपलेल्या चित्रांत निळ्या-केशरी भोवऱ्यांची अशी काही नक्षी दिसते की मोठी माणसंही बघत राहतात. पण बारकावे उठून दिसावेत म्हणून यातल्या बऱ्याच चित्रांचे रंग मुद्दाम गडद केलेले असतात. ती डोळ्यांत साठवून आलेल्या मुलाला छोट्या दुर्बिणीत दिसते एक फिकट पिवळसर चकती, तिच्यावर दोन तपकिरी पट्टे आणि शेजारी ओळीत काही ठिपके. त्याचा हिरमोड होणारच.

म्हणून क्रम उलटा करा. आधी नुसत्या डोळ्यांनी गुरू ओळखू द्या: ठळक, शांत, ताऱ्यांसारखा न लुकलुकणारा. मग दुर्बीण, आणि फोटो अगदी शेवटी. दुर्बिणीपाशी जायच्या आधी काय दिसणार ते खरं खरं सांगा. हेही सांगा की डोळ्यांत शिरणारा हा प्रकाश गुरूपासून निघून अर्ध्या तासाहून जास्त वेळ झालाय. आता तो ठिपका मुलासाठी लहान राहत नाही.

चित्र धूसर दिसत असेल तर बहुतेक वेळा आपणच हौसेने प्रतिमा गरजेपेक्षा मोठी केलेली असते. कमी वर्धनाचं भिंग लावा. गुरू लहान दिसेल, पण रेखीव. गुरू क्षितिजाजवळ असेल तर वाट पाहा, कारण तिथे त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि उकळत्या पाण्यातून बघावं तसा थरथरतो. दुर्बीण घरातून बाहेर आणल्यावर अर्धा तास तशीच ठेवा, तिला बाहेरच्या हवेइतकं गार होऊ द्या. दोन डोळ्यांची साधी दुर्बीण असेल तर ती भिंतीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवून धरा. हात हलला की गुरूचे चंद्र, म्हणजे ते शेजारचे ठिपके, दिसत नाहीत. आणि सूर्य मावळल्याशिवाय मुलाच्या हातात कुठलीही दुर्बीण देऊ नका. याला अपवाद नाही.

एकच रात्र दाखवून थांबणं

एका रात्रीत गुरू नुसता 'पाहून होतो'. सलग चार रात्री पाहिला, तर तो हलायला लागतो.

७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओला गुरूजवळ तीन ठिपके दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री पाहिलं तर तिन्ही पश्चिमेला. काही दिवसांनी चौथाही दिसला. हे तारे नव्हेत, गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत, हे त्याला अशा रोजच्या टिपणांतून उमगलं. हेच मुलाला करू द्या. वहीत दर रात्री एक छोटं वर्तुळ, त्याच्या दोन्ही बाजूंना जिथे दिसतील तिथे ठिपके, शेजारी तारीख आणि वेळ. सात-आठ वर्षांचं मूल हे सहज करतं. तिसऱ्या दिवशी ते वहीची पानं पुढेमागे करून बघायला लागतं आणि न विचारता म्हणतं, "हा इकडे होता ना?" मी त्या क्षणासाठी थांबते.

इथे पालकांची हमखास गडबड होते. एखाद्या रात्री तीनच ठिपके दिसले की "नीट बघ, चार असतात" असं ते मुलाला सांगतात. मुलाने नीटच पाहिलेलं असतं. एखादा चंद्र गुरूच्या मागे किंवा पुढे गेलेला असतो. तीन दिसले तर तीनच काढू द्या. आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो ही नावं नंतर आली तरी चालतात. आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो, कॅलिस्टोला जवळजवळ सतरा दिवस लागतात, हेही वहीत चार-पाच पानं भरल्यावर सांगा.

गुरूला एकूण चंद्र किती, हे मात्र पाठ करून घेऊ नका. सापडलेल्यांची संख्या नव्वदीच्या पुढे गेली आहे आणि ती वाढतेच आहे.

'वायूचा गोळा' म्हणून सोडून देणं

गुरू वायूचा आहे असं म्हटलं की मुलाच्या मनात फुगा येतो, आणि मोठी माणसं खरोखर फुगाच फुगवून दाखवतात. फुगा हलका असतो, त्याला कातडं असतं, आत नुसती हवा. गुरूला यातलं काहीच लागू नाही. त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे. पाच किलोचं दप्तर त्याच्या ढगांच्या उंचीवर साडेबारा किलोंचं वाटेल.

मग मूल विचारतं, "तिथे उभं राहिलो तर?" "उभंच राहता येत नाही" हे उत्तर बरोबर आहे, पण त्याने गप्पा संपतात. त्यापेक्षा पडत जायची गोष्ट सांगा, कारण ती खरी घडलेली आहे. डिसेंबर १९९५मध्ये गॅलिलिओ यानाने आधीच सोडलेली एक कुपी गुरूच्या वातावरणात शिरली, ताशी सुमारे १ लाख ७० हजार किलोमीटर वेगाने. मग तिची हवाई छत्री उघडली आणि ती खाली खाली जात राहिली. वरचे अमोनियाचे ढग कडाक्याचे थंड, पण खाली ऊब वाढत गेली, दाब वाढत गेला. जवळजवळ तासभर ती माहिती पाठवत होती. शेवटी दाब पृथ्वीवरच्या हवेच्या वीसपटीहून जास्त झाला, तापमान १५० अंशांच्या घरात गेलं आणि संदेश थांबले. तोवर जमीन कुठेच आली नव्हती.

ही गोष्ट सांगितल्यावर एका मुलीने मला विचारलं, "मग ती अजून पडतेय?" इतका सुंदर प्रश्न मला सुचला नसता. उत्तर असं: आणखी खाली उष्णतेने तिचे भाग वितळले असणार, मग त्यांची वाफ झाली असणार. ती कुपी आता गुरूचाच भाग आहे. त्याच्याही खाली हायड्रोजन इतका दाबला जातो की तो द्रवासारखा होतो आणि आणखी खोल धातूसारखा वागतो, वीज वाहून नेतो. इथे वायू संपला, इथे द्रव सुरू झाला, अशी रेघ मात्र कुठे नाही.

मोठा, खूप मोठा, सगळ्यात मोठा

गुरूत तेराशे पृथ्व्या मावतील, हे ऐकून मूल डोळे मोठे करतं आणि विसरून जातं. त्याला चालवा. एक सेंटिमीटरचा मणी म्हणजे पृथ्वी. मग गुरू ११ सेंटिमीटरचा चेंडू आणि सूर्य मीटरभराहून थोडं मोठं वर्तुळ. सूर्यापासून पृथ्वीचा मणी सुमारे ११७ मीटरवर ठेवायचा आणि चेंडू हातात घेऊन पुढे चालायचं, सूर्यापासून ६१० मीटर होईपर्यंत. भिंतीवरच्या तक्त्यात सगळे ग्रह खेटून बसलेले असतात. त्या तक्त्यानेच मुलांच्या मनातली अंतरं बिघडवलेली असतात.

आणखी एक काम पट्टीने करता येतं. गुरू अख्खा दिसेल असा फोटो १५ सेंटिमीटर रुंद छापा, पट्टे आडवे ठेवा आणि मुलाला उंची मोजू द्या. साधारण १४ सेंटिमीटर भरेल. गुरू पूर्ण गोल नाही! दहा तासांच्या आत तो स्वतःभोवती एक गिरकी घेतो, त्यामुळे विषुववृत्तापाशी फुगतो आणि ध्रुवांपाशी चपटा होतो.

जुनी वाक्यं तपासून घ्या

गुरूवरच्या लाल डागात दोन-तीन पृथ्व्या मावतात, असं जुन्या पुस्तकांत असतं. एकोणिसाव्या शतकात तो सुमारे ४० हजार किलोमीटर लांब होता. आता १६ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे एकच पृथ्वी. तो खड्डा नाही, वादळ आहे, आणि छोट्या दुर्बिणीत बहुधा दिसत नाही. 'गुरू थोडक्यात तारा व्हायचा राहिला' हेही सोडून द्या. त्यासाठी त्याला आताच्या सुमारे ८० पट वस्तुमान लागलं असतं. कडी फक्त शनीला असतात, हे विधान १९७७मध्येच, युरेनसची कडी सापडली तेव्हा, बाद झालं. १९७९मध्ये व्हॉयेजर १ यानाने गुरूचंही पुसटसं कडं टिपलं.

गुरू सूर्याच्या पलीकडे असताना काही आठवडे दिसत नाही. तेव्हा वही कपाटात ठेवा, पण त्याआधी शेवटच्या पानावर गुरूजवळच्या ठळक ताऱ्यांचं चित्र काढून घ्या. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला जवळजवळ बारा वर्षं लागतात, म्हणजे पुढच्या वर्षी तो त्या ताऱ्यांपाशी नसेल. आज सहा वर्षांचं असलेलं मूल त्याला पुन्हा तिथे पाहील, तेव्हा ते अठरा वर्षांचं झालेलं असेल.